सरकारांचे साडेएकतीस इंची टायर

सर्जेराव इंगवल्यांची पिकअप आंबेखिंडीच्या तिसऱ्या वळणावर अडली ती अडलीच! मागे सिमेंटची वीस पोती, पुढे चढ आणि आत खुद्द सर्जेराव. इंजिन नुसतं कण्हत होतं. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी वर ओढावी लागली, आणि मागे खोळंबलेल्या एसटीतल्या झाडून सगळ्यांनी खिडक्यांतून माना काढून ते बघितलं!

सर्जेराव खडीच्या खाणीचे मालक. लोक त्यांना सरकार म्हणत. न म्हणणाऱ्याला खाणीवर काम मिळत नसे. महिन्यापूर्वी त्यांनी गाडीचे अठ्ठावीस इंची टायर काढून साडेएकतीस इंची बसवले होते. का? तर शेजारच्या सरपंचाची गाडी यांच्या गाडीहून चार बोटं उंच दिसत होती!

शहरातल्या तज्ज्ञानं सांगितलं, ‘नवं इंजिन घाला.’ मेहुणे बाळासाहेब म्हणाले, ‘ड्रायव्हर बदला.’ ड्रायव्हर बदलला. नवा ड्रायव्हरही तिसऱ्या वळणावरच अडला.

मग सरकारांची स्वारी बाळासाहेबांसह खिंडीखालच्या दस्तगीर मिस्त्रीच्या शेडपुढे येऊन थडकली. शेड मिस्त्रीची, जागा सरकारांची. मिस्त्रीची लेक रेहाना दुरुस्तीला आलेल्या एका गाडीखाली आडवी होती. ती बापाच्या बरोबरीनं पाना चालवायची.

“ऐक दस्तगीर,” सरकार गरजले. “टायर बदलायचे नाहीत. इंजिनाला हात लावायचा नाही. गिअरबॉक्स उघडायचा नाही. गाडीत जास्तीचं काहीएक घालायचं नाही! तरी बुधवारी वीस पोती घेऊन गाडी खिंड चढली पाहिजे. नाही चढली, तर गुरुवारी शेड उचलायची!”

“सरकार, मग करायचं काय?” मिस्त्रीनं विचारलं.

“ते मी सांगू? मग मिस्त्री तू कशाचा?” बाळासाहेब खदखदले.

रेहाना गाडीखालून बाहेर आली. “टायर एवढे लाडके का सरकार?”

“अगं, गुणीच आहेत ते! पूर्वी तालुक्याला पंचेचाळीस किलोमीटर पडायचे. आता मीटरवर चाळीसच दिसतात. आमच्यापुढे रस्तासुद्धा आखडला!”

बाळासाहेबांनी मान डोलावली. रेहानानं ओढणीचं टोक दातांत धरलं, तरी हसू फुटलंच.

“रस्ता नाही आखडला, चाक फुगलंय! मीटर बिचारं फेरे मोजतं. जिथं नऊ फेरे लागायचे, तिथं आता आठच लागतात. प्रत्येक फेऱ्याला गाडी लांब ढांग टाकते. पाठीवर वीस पोती घेऊन तुम्ही ढांगा टाकत खिंड चढून दाखवा, मग इंजिनाला नावं ठेवा!”

“जीभ लांब आहे पोरीची!” बाळासाहेब म्हणाले.

“कामही होईल,” रेहाना म्हणाली. “बुधवारी या.”

सरकार गेले. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. “बेटा, कशाच्या जोरावर कबूल केलंस?”

“अब्बा, सरकारांनी सगळ्या गाडीला कुलूप घातलं, पण मागचा ॲक्सल विसरले!”

तिनं मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. गिअरमधून गाडी काढून चाकावर आणि इंजिनाकडून मागे येणाऱ्या शाफ्टवर खडूनं रेघ ओढली. बापलेकीनं दोन्ही चाकं बरोबरीनं एक फेरा फिरवली; शाफ्ट साडेचार फेऱ्यांहून जरासा जास्त फिरला. मग ॲक्सलवरचा लोखंडी डबा खोलला. आत शाफ्टच्या टोकाला छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन. ते मोठ्या दातेरी चाकाला, क्राउनला, फिरवणार. क्राउनला एक्केचाळीस दात, पिनियनला नऊ.

“चाक नवाचं काम आठ फेऱ्यांत करतंय ना?” ती म्हणाली. “मग पिनियनलाही आठच दात हवेत. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट जास्त फिरेल, इंजिनाला चढ हलका होईल. आठाहून कमी घेतले, तर चढाला मजा, पण सपाटीला इंजिन उगाच बोंबलत पळेल.”

मिस्त्री एसटीनं शहरात गेला. जुना बाजार धुंडाळून याच गाडीच्या माल वाहणाऱ्या मॉडेलची जोडी घेऊन आला: क्राउन एक्केचाळीसचाच, पिनियन आठाचा. दातांना रंग फासून, ते एकमेकांत नीट बसतात का हे दोघांनी सात वेळा तपासलं. सहा वेळा बसले नव्हते. रेहानाची बोटं सोलली, मिस्त्रीला भाकरीची आठवण राहिली नाही.

बुधवारी सरकार आले, आणि त्यांच्यामागे गंमत बघायला सगळी खाण! वीस पोती चढली. सरकार ड्रायव्हरशेजारी बसले, रेहाना पोत्यांवर. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला सरकारांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी खिंडीच्या माथ्यावर उभी होती!

माथ्यावर बाळासाहेब जीपमधून आधीच येऊन थांबले होते. ते ओरडले, “लबाडी आहे! हिनं आत चोरून काहीतरी जास्तीचं घातलंय! त्याशिवाय ताकद वाढेल?”

“खरं सांग पोरी,” सरकार म्हणाले, “काय वाढवलंस?”

“वाढवलं काहीच नाही. जुनी जोडी काढली, नवी बसवली. क्राउनचे दात तेवढेच आहेत. पिनियनचा एक दात कमी केला, बस्स!”

“कमी करून ताकद वाढते?” बाळासाहेब फिसकन हसले. “असं कुठं असतं का?”

“असतं की!” रेहाना पोत्यांवरून खाली उडी मारत म्हणाली. “खात्री करायची असेल, तर सरकारांनी आपल्या सल्लागारांतला एक कमी करून बघावा. खाणसुद्धा खिंड चढेल!”

सरकारांनी बाळासाहेबांकडे बघितलं, बाळासाहेबांनी बुटांकडे! आणि सरकारांना असं हसू फुटलं, की गाडीच्या बोनेटला धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसत ते म्हणाले, “दस्तगीर, शेडची जागा उद्या तुझ्या नावावर! आणि पोरी, खाणीवरच्या अकरा गाड्या आजपासून तुझ्या ताब्यात. बाळासाहेब, त्या जीपची किल्ली द्या हिला. तुम्ही या चालत!”