भिवबाच्या दारातले वस्ताद

एका घाटाच्या तोंडाशी एकदा एक वृद्ध वस्ताद राहत असत. खाली कोकणात उतरणारी त्या मुलखातली ती एकच वाट, आणि त्या वाटेवर पाच वाड्या मिळून एक गाव वसलेलं. राजाचं ठाणं तिथून दोन दिवसांच्या अंतरावर होतं. संकट आल्याचा निरोप ठाण्यावर पोहोचेपर्यंत ते येऊन, हवं ते लुटून निघूनही गेलेलं असे. म्हणून त्या गावात प्रत्येक घरी एक ठासणीची बंदूक खुंटीवर टांगलेली असायची. ती कशी चालवायची आणि मुख्य म्हणजे कधी चालवायची नाही, हे वस्तादांनी आपल्या तालमीत गावाच्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं.

गावाचा कारभार नऊ जणांची सभा पाहत असे. सभेत वरच्या वाड्यांचा एक पक्ष आणि खालच्या वाड्यांचा दुसरा. पाण्याची पाळी असो की देवळाची डागडुजी, त्यांचं सहसा एकमत होत नसे. खालच्यांचा पुढारी भिवबा हा जिभेचा तिखट, हेकट आणि दुसऱ्याच्या प्रत्येक कामात खोट काढणारा माणूस होता. वरच्यांचा पुढारी हैबती. तो वस्तादांचा सर्वांत आवडता शिष्य. निर्भय, कष्टाळू आणि निर्मळ मनाचा.

एका वर्षी लुटारूंची मोठी टोळी घाट चढून आली. तिच्याशी बोलणी करावीत, थोडं धान्य देऊन तिला वाटेला लावावं, असं भिवबाचं मत पडलं. हैबतीने ते ऐकलं नाही. घराघरातली माणसं आपापल्या बंदुका घेऊन त्याच्यामागे गेली आणि त्यांनी तीन दिवस घाटाची वाट रोखून धरली. चौथ्या दिवशी टोळी परत फिरली. पुढच्या निवडीत गावाने नऊच्या नऊ जागा हैबतीच्या माणसांना दिल्या. खालच्या वाड्यांनीसुद्धा भिवबाकडे पाठ फिरवली.

त्यानंतरची दोन वर्षं खरोखरच चांगली गेली, हे सांगायला हवं. ओढ्यावर बांध झाला. धान्याचं कोठार उभं राहिलं. ज्या कामाला पूर्वी चार बैठका लागत, ते आता एका बैठकीत ठरू लागलं. आडवं बोलणारं कोणी उरलंच नव्हतं. लोक समाधानाने म्हणत, "इतकी वर्षं आपण उगाच भांडत बसलो."

तिसऱ्या वर्षी भिवबाच्या घरी लग्न निघालं. वरात दारात आली तेव्हा आनंदाचा बार उडवावा म्हणून भिवबाच्या पुतण्याने खुंटीवरची बंदूक ओढून काढली. भिवबाने ती भरलेलीच टांगून ठेवली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. बंदूक हिसका बसून उडाली आणि अंगणात उभा असलेला वस्तादांचा एकुलता मुलगा सिदोजी तिथेच कोसळला. त्याचं वय तीस वर्षांचं होतं.

तेराव्या दिवशी भिवबा वस्तादांच्या दारात येऊन उभा राहिला. वस्तादांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. आत मात्र बोलावलं नाही. भिवबा बराच वेळ तसाच उभा राहिला आणि मग निघून गेला.

हैबतीला सिदोजी भावासारखा होता. त्याने सभा बोलावली आणि ठराव मांडला. गावातल्या सगळ्या बंदुका चावडीमागच्या कोठारात ठेवायच्या, किल्ली सभेच्या ताब्यात राहील, गस्तीसाठी सभेची दहा माणसं सशस्त्र असतील आणि संकट आलं तर कोठार सर्वांसाठी उघडलं जाईल. सभेत कोणीच विरोध केला नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक आपल्या बंदुका आणून देऊ लागले. सर्वांत आधी आला भिवबा. त्याने बंदूक चावडीच्या पायरीवर ठेवली आणि मान वर न करता परतला.

फक्त वस्तादांची बंदूक आली नाही.

आठ दिवस वाट पाहून हैबती स्वतः त्यांच्याकडे गेला. म्हणाला, "वस्ताद, हा नियम मी सिदोजीसाठी केला. तुम्हीच तो पाळला नाही तर मी इतरांना काय सांगू?"

वस्ताद म्हणाले, "देतो. कोठाराला दोन कुलपं घाल. एक किल्ली तुझ्याजवळ राहू दे, दुसरी खालच्या वाड्यांना दे."

"म्हणजे भिवबाला?"

"त्याचे लोक ज्याला म्हणतील त्याला. बहुधा भिवबालाच."

हैबतीला हे सहन झालं नाही. "ज्याच्या हलगर्जीपणाने आपला सिदोजी गेला, त्याच्या हाती किल्ली? आणि उद्या टोळी आली तर? तो अर्धा दिवस वाद घालत बसेल. हे होणार नाही, वस्ताद."

"मग माझी बंदूक खुंटीवरच राहील," वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी विषय संपवला.

गुरूवर सक्ती करणं हैबतीच्या स्वभावात नव्हतं. पुत्रशोकाने म्हाताऱ्याचं मन ठिकाणावर नाही, असं गावात बोललं गेलं आणि गोष्ट तिथेच राहिली.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर सभेने घाटाची वाट रुंद करायचं ठरवलं. प्रत्येक घरातून एक माणूस दोन महिने कामावर यावा, असा हुकूम निघाला. खालच्या वाड्यांत जमीन थोडी आणि माणसंही थोडी. पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस गेला तर वर्ष बुडालंच. पण हे सभेत सांगणार कोण? सभेत त्यांचं कोणी नव्हतं. तेव्हा भिवबा आठवड्याच्या बाजारात उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या वाड्यांतला एकही माणूस पेरणी सोडून येणार नाही. सभेला सांगा, भिवबा असं म्हणाला."

गस्तीच्या दहा जणांचा नाईक दौलती नावाचा तरुण होता. कोठाराची किल्लीही आता त्याच्याच कमरेला असे. हैबतीवर त्याची अपार निष्ठा होती. भिवबाचे शब्द कानी पडताच तो म्हणाला, "हा सभेचा अपमान आहे. याला चावडीवर आणून चार दिवस बांधून ठेवलं की बाकीचे आपोआप सरळ होतील." दुसऱ्या दिवशी सकाळी दहा जण कोठारातल्या बंदुका खांद्यावर टाकून खालच्या वाडीकडे निघाले.

ही बातमी वस्तादांच्या कानावर गेली तेव्हा ते अंगणात बसले होते. ते उठले, आत जाऊन त्यांनी बंदूक खाली घेतली, दारू ठासली आणि पागोटं डोक्यावर ठेवलं. त्यांची विधवा सून सगुणा दारात उभी होती.

"मामंजी, कुठे निघालात?"

"भिवबाकडे."

ती दारातून पुढे आली. "त्या दारात? तिथेच तर हे..."

वस्ताद थांबले. "हो मुली, तिथेच. सिदोजी गेल्यापासून मी त्या वाटेने पाऊलही टाकलेलं नाही. आज मात्र जायला हवं."

दौलती आणि त्याची माणसं भिवबाच्या अंगणात पोहोचली तेव्हा उंबरठ्यावर वस्ताद बसलेले होते. बंदूक त्यांच्या मांडीवर आडवी होती. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली होती, पण सगळी आपापल्या ओट्यावर हात बांधून उभी होती. करण्यासारखं त्यांच्या हाती काही नव्हतं.

दौलती म्हणाला, "वस्ताद, बाजूला व्हा. आम्हाला भिवबा हवा आहे."

"कशासाठी?"

"तो सभेविरुद्ध बोलला."

"बोलला. मग?"

दौलती एक पाऊल पुढे आला. तो म्हणाला, "तुम्ही आमचे गुरू आहात. आमच्यावर ही वेळ आणू नका."

"मीही तेच म्हणतो आहे," वस्ताद म्हणाले. "भिवबाला न्यायचं तर माझ्यावरून जावं लागेल, आणि मी बसलेला असलो तरी माझा नेम कसा आहे हे तुम्हा दहाही जणांना माहीत आहे."

तेवढ्यात आतून भिवबा बाहेर आला. "वस्ताद, मला जाऊ द्या यांच्याबरोबर. तुमचं मी जे नुकसान केलं आहे, त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी इथे बसावं हे मला सोसवत नाही."

वस्तादांनी मागे वळून पाहिलं नाही. "भिवबा, ते दुःख तुझ्या-माझ्यातलं आहे. त्याचा हिशेब मी यांच्या हातून करवून घेणार नाही. आत जा."

दहापैकी एकाने धावत जाऊन हैबतीला आणलं. तो अंगणात आला आणि समोरचं दृश्य पाहून जागच्या जागी खिळला. ज्या अंगणात सिदोजीचा देह त्याने स्वतःच्या हातांनी उचलला होता, तिथेच आज सिदोजीचा बाप बंदूक घेऊन बसला होता, आणि तेही भिवबाच्या रक्षणासाठी.

"वस्ताद, हे काय करता आहात?"

वस्तादांनी उलट विचारलं, "यांना तू पाठवलंस?"

"नाही. मला आत्ता कळलं."

"यांनी तुला विचारलं?"

"नाही."

"म्हणजे तुला विचारण्याची गरजही आता उरली नाही," वस्ताद सावकाश म्हणाले. "हैबती, नीट ऐक. दुष्ट माणसाच्या हाती कोणतंही गाव आपणहून सगळ्या जागा आणि सगळी शस्त्रं देत नाही. ती तुझ्यासारख्याच्याच हाती दिली जातात. तू चांगला आहेस म्हणून लोकांनी सभेतला विरोध संपवला, आणि तू चांगला आहेस म्हणून घरातली बंदूकही आणून दिली. पण तू जे कुलूप केलंस ते तुझ्यापाशी थांबत नाही. तू नसशील तेव्हाही कोठार असेल, नऊ जागा असतील, आणि किल्ली दौलतीच्या कमरेला असेल. अरे, तू असतानाच ती त्याच्या कमरेला गेली आहे.

"माझा मुलगा बंदुकीने गेला. बंदुकीचं कौतुक मला कोणी शिकवू नये. तरीही या ओट्यांवरच्या माणसांकडे एकदा पाहा. यांच्या शेजाऱ्याला बांधून न्यायला दहा जण आले आणि यांना नुसतं बघत उभं राहावं लागलं. गेल्या वर्षी हे दहा जण आले असते का? आले असते तरी आधी अंगणात थांबून बोलले असते. बळ असलेल्या माणसाला दारात थांबून बोलायला लावणाऱ्या दोनच गोष्टी मला ठाऊक आहेत. सभेत समोर बसलेला विरोधक ही एक, आणि घरात खुंटीवर असलेलं शस्त्र ही दुसरी. तू दोन्ही काढून घेतल्यास, आणि त्यासुद्धा प्रेमाने. म्हणून मला आज इथे बसावं लागलं."

हैबती एकेका ओट्याकडे पाहत राहिला. घाटातल्या त्या तीन दिवसांत हीच माणसं त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला उभी होती. आज त्यांच्यातला एकही त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याला आपण टोळीच्या जागी उभे आहोत असं वाटलं, आणि तो विचार त्याला सोसवेना.

"दौलती, किल्ली इकडे दे," तो म्हणाला.

दिवस मावळण्याआधी कोठार रिकामं झालं आणि ज्याची बंदूक त्याच्या घरी गेली. परत देताना प्रत्येक घरच्या कर्त्याकडून वस्तादांनी देवासमोर शपथ घेतली, की बंदूक रिकामी करून टांगीन, दारू वेगळी आणि कुलपात ठेवीन, आणि आनंदाच्या प्रसंगी तिला हात लावणार नाही. शपथ देताना त्यांचा आवाज एकदाच अडखळला. समोर भिवबा होता. त्याने शपथ पूर्ण केली, आणि त्या दिवशी वस्तादांनी पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

हैबतीने आपल्या पक्षाच्या चार जागा सोडायला लावल्या आणि खालच्या वाड्यांना नव्याने माणसं निवडायला सांगितलं. पहिल्याच बैठकीत भिवबा दिवसभर भांडला. बऱ्याच गोष्टी तो चुकीच्या बोलला. पण पेरणीच्या बाबतीत त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि घाटाचं काम सुगीपर्यंत पुढे ढकललं गेलं. दौलतीला हे मुळीच आवडलं नाही. हैबतीलाही फारसं आवडलं नाही. पण त्याने ऐकून घेतलं.

काही दिवसांनी गुरू-शिष्य तालमीच्या ओट्यावर बसले असताना हैबतीने मनात राहून गेलेला प्रश्न विचारला. "वस्ताद, त्या दिवशी तुमची बंदूक खरंच भरलेली होती?"

"होती. रिकामी बंदूक घेऊन बसणं म्हणजे तुम्हाला फसवणं झालं असतं."

"आणि आम्ही पुढे आलो असतो, तर तुम्ही ती आमच्यावर झाडली असती?"

वस्तादांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही सगळे माझी मुलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला शोधावं लागलं नाही, कारण तू थांबलास. माणसाने थांबावं एवढंच मला हवं होतं."

ज्याच्यावर आपला संपूर्ण विश्वास आहे, त्याच्याही हाती सगळं सोपवू नये. त्यात आपलं रक्षण आहे आणि त्याचंही.