दबोराईचा रविवार

कुसळमाळावर कुसळांशिवाय दुसरं काही उगवत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. मधे बोलू नका, नीट ऐका. त्या माळावर एक बाई आली. दबोराबाई तिचं नाव. नवरा प्रभूकडे गेलेला, मागे पोरांचं लेंढार, डोक्यावरच्या पाटीत पवित्र शास्त्र आणि बाजरीचं बियाणं. लोक म्हणाले, इथं कावळा बसत नाही, तू काय पिकवणार? तिनं पदर खोचला आणि दगड वेचायला लागली.

दगड उचलताना ती देवाची गाणी म्हणायची, असं म्हणतात. आवाज इतका भसाडा, की पुढचे दगड आपणहून बाजूला सरकायचे, असंही म्हणतात.

बाई मायेची, पण रविवारच्या बाबतीत हट्टी. रविवार प्रभूचा, त्या दिवशी तिच्या रानात काम नाही म्हणजे नाही. शेजारचा भागूजी यावर हसायचा. हा भागूजी बांध कोरणारा. दर नांगरटीला तिच्या रानात थोडा थोडा सरकायचा. दोघांचं बोलणं बंद होतं.

एका साली दुष्काळ पडला, घरात दाणा उरला नाही. पुढच्या साली मात्र बाजरी अशी आली, की बघत राहावं. कणसं खुडून खळ्यावर पडली. तीच लेकरांची वर्षाची भाकर. ती भिजून गेली असती, तर माळ सोडून लोकांच्या दारी मजुरीला जायची पाळी होती. आणि नेमकं रविवारी दुपारी आभाळ भरून आलं.

थोरली लेक शलोमी म्हणाली, "आई, कणसं आत घेऊ या गं. देव काय रागावणार आहे?"

दबोराबाई उठून खळ्यापर्यंत गेली. आईच होती ती. तेवढ्यात तिला बांधापलीकडे भागूजीची बायको दिसली. नवरा, दीर बाजाराला गेलेले, आणि ती एकटीच कणसं ओढत होती.

"शेजाऱ्याचा बैल खड्ड्यात पडला तर रविवारीसुद्धा काढावा, असं प्रभूनं सांगितलंय. चला."

"आई, शास्त्रात शेजाऱ्याचा नाही, आपलाच बैल आहे," शलोमी म्हणाली. तिला वाचता येत होतं.

"असू दे. आधी शेजाऱ्याचा काढू."

मायलेकरं धावली. भागूजीची शेवटची पाटी आत गेली, तेवढ्यात तो भावांना घेऊन धापा टाकत आला. आपलं खळं रिकामं आणि दबोराबाईचं उघड्यावर, हे बघून त्याची मान खाली गेली.

"दबोराई," तो म्हणाला. आई म्हणून पहिल्यांदाच म्हणाला. "रविवार तुझा आहे, आमचा नाही. तू बस गाणं म्हणत."

ती खळ्याच्या कडेला बसून गायली. असं म्हणतात, तिचं शेवटचं कणीस घरात जाईपर्यंत पाऊस शिवेवर खोळंबून उभा राहिला. मग असा कोसळला, की ओढ्याला पूर आला.

दबोराई पुष्कळ जगली. आता माळावर देऊळ आहे, चर्चही आहे. पण सुगीच्या पहिल्या रविवारी तिथं कुणी स्वतःच्या खळ्यावर पाय ठेवत नाही. शेजाऱ्याच्या खळ्यावर जायचं, आणि ज्याच्याशी भांडण असेल त्याच्याकडे आधी. दोघे सख्खे भाऊ आहेत तिथं, बापाच्या तेराव्यालासुद्धा एकमेकांशी बोलले नाहीत. यंदा ते एकमेकांची बाजरी भरत होते. बोलले तेव्हाही नाहीत, पण कणीसन् कणीस वेचलं.