परक्या बंदरातला पहारेकरी

पूर्वी शूर्पारक नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याला प्रश्न विचारण्याची भारी खोड. परक्या बंदरात उतरला, की माल नंतर, आधी पाणवठ्यावरच्या बायकांशी गप्पा. इथे भाकरी कशाची करतात, कुठल्या गल्लीत जाऊ नये, राजाचे शिपाई कसे वागतात, सगळे विचारून घ्यायचा. बायका हसत, आणि हसता हसता सांगून टाकत.

एकदा तो समुद्रापलीकडच्या मणिपट्टणात उतरला. सोबत धाकटा भागीदार नंदिय होता. नंदियाच्या कमरेला त्याच्या वारलेल्या भावाचे मोती बांधलेले होते. पोरक्या पुतणीला तेवढाच आधार होता.

कुंभारवाड्यातून जाताना लाल शेल्याचा एक पहारेकरी आडवा आला.

"चोरीचे मोती शोधतोय. गाठी सोडा!"

 नंदिय गाठ सोडू लागला, तेव्हा बोधिसत्त्वाने त्याचा हात धरला. या गावात परदेशी माणसाची झडती फक्त चावडीवर, पंचांसमोर होते, हे त्याला पाणवठ्यावरच कळले होते.

"दाखवतो की," तो नम्रपणे म्हणाला. "चला चावडीवर."

"चावडी लांब आहे. इथंच सोड."

"असू द्या. मला चालायला आवडतं."

पहारेकरी घुटमळला आणि एकदम पळत सुटला. कुंभारांनी त्याला धरले. त्या देशात अशा तोतया पहारेकऱ्याचा हात तोडत.

बोधिसत्त्वाला मात्र अजून एक प्रश्न होताच. "बाबा रे, या धंद्यात कसा आलास?"

तो रडू लागला. "मीही परदेशीच. उतरलो त्याच दिवशी अशाच एका तोतयानं मला नागवलं. घरी काय तोंड दाखवू?"

बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. तो कुंभारांना म्हणाला, "आमचं काही गेलं नाही. याला त्याच्या गावी पोचवतो, जबाबदारी माझी." कुंभारांनी कुरकुर केली, पण सोडले.

"दादा, चोराला जहाजावर?" नंदिय ओरडला.

"मोती तू सांभाळ. माणूस मी सांभाळतो."

नंदियाने मोती असे सांभाळले, की साऱ्या प्रवासात तो आडवा म्हणून झाला नाही. तोतया मात्र आपल्या गावच्या धक्क्यावर उतरला आणि घरी जाऊन आईच्या पायांवर कोसळला.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो तोतया म्हणजे आज दमलेल्या वाटसरूंचे पाय धुणारा सुपट्ट. नंदिय म्हणजे अनोळखी माणूस दिसताच विहाराला कडी घालणारा आपला धम्मिल. आणि तो चौकस व्यापारी मीच होतो. धम्मिला, कडी जरूर घाल, पण आधी विचार, बाबा, तू कोण? सावध राहूनही ज्याचे मन दगड होत नाही, त्याच्याच ठायी प्रज्ञा असते."