तीन दगडांची जागा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव पुसलं गेलं आणि राजाचंही. राहिलं ते एक गाव आणि त्या गावातली एक भांडखोर बाई. लहान असाल तर मांडी घालून ऐका, थोर असाल तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

गाव समुद्राच्या कडेला होतं. माड, भात, मासळी आणि लाल माती. बाईचं नाव धुरपा. ती तिथली नव्हती. डोंगरांपलीकडच्या उंच, कोरड्या माळावरची होती. तिकडे मेंढरं असत, लोकर असे, ज्वारीची भाकरी असे. मग तिकडे पाऊस रुसला. आधी विहिरी आटल्या, मग मेंढरं गेली, मग नवरा गेला. धुरपा उठली आणि उतार दिसेल तशी चालत सुटली. उतार संपला, तिथं हे गाव होतं.

तिच्या डोक्यावर एक गाठोडं होतं, कमरेला भंडाऱ्याची, म्हणजे देवाच्या हळदीची पिशवी आणि ओच्यात एक गुळगुळीत दगड. गाठोड्यात आईनं विणून घेतलेलं काळं घोंगडं. दगड म्हणजे तिचा देव.

कुठली, कोणाची, असं गावानं विचारलं नाही. गावाचा जो मुख्य, त्याला तिथं गावकार म्हणत. त्या म्हाताऱ्यानं सरसू नावाच्या बाईच्या शेजारची मोकळी जागा तिला दाखवली. कोणी वासे दिले, कोणी झावळ्या दिल्या. लोकर कातणारे हात नारळाचा काथ्या वळू लागले. वर्षं गेली.

पण धुरपानं गाठोडं काही सोडलं नाही. आढ्याला टांगून ठेवलं. कोणी विचारलं, की म्हणायची, "तिकडं पाऊस पडला की चालले मी. मी काय इथं राहायला आले नाही."

आणि जीभ म्हणाल तर कोयता. "तुमच्या भातानं पोट भरतं, भूक जात नाही. आमटीत नारळ, चटणीत नारळ, उद्या पाण्यातही घालाल. आमच्या मुलखात माणसं छातीतून बोलतात, तुमच्यासारखी नाकातून नाही." 'आमच्या मुलखात' हे तिच्या प्रत्येक वाक्याचं डोकं.

सरसू हसायची. "गे धुरपा, तुझ्या मुलखात सगळंच चांगलं. पाणी तेवढं नाही."

मग धुरपा दोन दिवस तिच्याशी बोलायची नाही. सरसू मात्र कुंपणावरून बोलतच राहायची.

सरसू रोज पहाटे देवासाठी फुलं काढी आणि त्यातलं एक धुरपाच्या दगडावर ठेवी. पहिल्याच दिवशी धुरपा खेकसली होती, "माझ्या देवाला तुमचं फूल कशाला? त्याला भंडारा लागतो, पिवळाधमक. त्याचं नाव तरी ठाऊक आहे का तुला?"

"नाव कशाला हवं? फूल घेतो ना?" सरसू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फूल ठेवून गेली.

त्या गावाची एक रीत होती. बऱ्याच वर्षांनी एकदा देवाला कौल लावत, म्हणजे देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवून वाट बघत. उजवीकडची पाकळी पडली की अख्खं गाव उठे आणि वेशीबाहेरच्या माळावर जाई. तीन रात्री तिथंच राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातलं पोर, खाटेवरचा म्हातारा, सगळी बाहेर. मागे एक श्वाससुद्धा राहता कामा नये. ज्या दिवशी शेवटचा जीव बाहेर पडेल, त्या दिवसाची रात्र ती पहिली रात्र.

धुरपा आल्यापासून पाकळी पडली नव्हती. त्या वर्षी थंडीत पडली. ढोल वाजला. "गावच्या माणसांनी उद्या सकाळी निघावं!"

गावात झुंबड उडाली. सरसूला तर जास्तच काळजी, कारण तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "तीन रात्रींचाच तर प्रश्न," ती म्हणत होती. "निभावून नेऊ. बाळंतिणीची खोली सारवून ठेवलीय. बाळ घरातच होईल."

धुरपा कमरेवर हात देऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"खुळे की काय तुम्ही? मी घर नाही म्हणून रानोमाळ हिंडले, आणि तुम्ही घर असून रानात निघालात! ज्याचं छप्पर गेलंय त्याला विचारा, छप्पर सोडणं हा खेळ असतो का. मी नाही येणार."

हा राग खरा होता. पण रागाच्या खाली एक भीती होती, ती तिनं कोणाला दाखवली नाही. 'गावची माणसं' असं ढोलवाला म्हणाला होता. आपण निघालो, आणि वेशीवर कोणी म्हणालं, "बाई, तू कशाला आलीस, हे आमचं आहे," तर? तो शब्द ऐकण्यापेक्षा आपणच आधी नाही म्हटलेलं बरं, असा तिचा हिशेब.

गावकार काठी टेकत पुढं आला. "धुरपाबाई, पाहुण्याला देव उठवत नाही. तू पाहुणी आहेस का?"

"आहेच पाहुणी! गाठोडं बघा, टांगलंय अजून."

"तू म्हणतेस तर राहा," गावकार म्हणाला. सरसूनं तोंड उघडलं, पण त्यानं तिला हातानंच थांबवलं.

सकाळी गाव निघून गेलं.

पहिल्या दिवशी धुरपाची चैन झाली. ती गावकाराच्या ओट्यावर पाय पसरून बसली. कोणाच्या विहिरीचं पाणी गोड ते चाखून आली. नाकातून बोलणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शांतता कानाला टोचू लागली. हाकलायला कोंबडी नव्हती. ओरडायला पोरं नव्हती. भात करताना ती मोठ्यानं म्हणाली, "आमच्या मुलखात..." आणि थांबली. पुढचं वाक्य सांगायचं कोणाला? इतकी वर्षं तिचा मुलूख इथल्या लोकांच्या कानात जगला होता. ती सांगे, ते हसत, चिडवत, आणि पुन्हा ऐकत. ऐकणारं गेलं, तसा मुलूखही गेला.

मग तिची नजर देवाच्या दगडावर गेली. कालपरवाचं फूल सुकून काळं पडलं होतं. धुरपा दगडापुढं बसली. आपण एकदाही फूल काढलेलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. रोज पहाटे दुसरीच एक बाई दवात पाय भिजवून येत होती, नाव माहीत नसलेल्या देवासाठी, आणि कोणासाठी? तर हिडीसफिडीस करणाऱ्या बाईसाठी.

ती उठली आणि देवळात गेली. गावच्या देवाला म्हणाली, "काय रे, तुलाही ठेवून गेले? तुला सवय असेल. मला नाही जमायचं."

देव बोलत नाहीत, बोलतात ती माणसं, आणि माणसं तर गेली होती.

तिसऱ्या दिवशी तिनं आढ्यावरचं गाठोडं काढलं, दगड ओच्यात घेतला आणि वेशीवर आली. वेशीबाहेर दोन वाटा फुटत होत्या. एक वर डोंगराकडे, तिच्या मुलखाला. दुसरी माळाकडे, जिथं धूर दिसत होता.

ती डोंगराच्या वाटेकडे बघत उभी राहिली. वर काय आहे? तेच आभाळ आहे, पडलेल्या भिंती आहेत. पण "गं धुरपे" म्हणणारं तिथं आता कोणी उरलेलं नाही. आणि इकडे? इकडे कदाचित "कशाला आलीस" म्हणतील. तिनं मनात एक सबब तयार केली, सरसूच्या खिडकीचं दार उघडं राहिलंय ते सांगायला आले म्हणून, आणि धुराच्या दिशेनं चालू लागली.

माळावर झावळ्यांच्या खोपी होत्या. गावात घरं ज्या ओळीत, त्याच ओळीत खोपी. सरसूची खोप दिसली. तिच्या शेजारी मोकळी जागा सोडलेली, एका खोपीपुरती. जमीन झाडलेली. मध्ये चुलीचे तीन दगड मांडलेले, बाजूला सुक्या लाकडांची मोळी. चूल पेटलेली नव्हती.

"ही जागा कोणाची?" धुरपानं विचारलं. खिडकीचं दार ती विसरून गेली होती.

सरसूनं मान वर केली. "कोणाची म्हणजे? माझ्या शेजारी कोण राहतं?"

धुरपानं वाकून चुलीच्या एका दगडाला हात लावला. अशा वेळी तिला एकच गोष्ट जमायची, ती म्हणजे ओरडणं. "लाकडं कशाला वाया घालवली? उद्या तर परत निघणार तुम्ही!"

"उद्या नाही गे," सरसू हळूच म्हणाली. "आज पहिली रात्र."

"पहिली कशी?"

"मागे एक श्वास राहिला होता ना."

धुरपा गर्रकन गावकाराकडे वळली. "तुम्हीच म्हणालात, पाहुण्याला देव उठवत नाही!"

"म्हणालो. पण पाहुणी आहे असं तू म्हणालीस. आम्ही कोणी म्हटलं? तू आत होतीस, तोवर आमची पहिली रात्र उगवतच नव्हती."

"आणि मी आलेच नसते तर?"

"तर थांबलो असतो."

"मग ओढून का नाही आणलंत?"

"ओढून आणलं असतं, तर तुझं गाठोडं आलं असतं. तू नसती आलीस."

मागून एक म्हातारी करवादली, "तांदूळ संपत आले, थंडीनं हाडं वाजतात! दोन दिवस तुझ्या नावानं शिव्या देतोय आम्ही!"

"ऐकलंस?" गावकार हसला. "परक्या माणसाला इतक्या शिव्या कोण देईल?"

आता मात्र धुरपाचा भडका उडाला. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून आग. "अरे मेल्यांनो! या पोरीचे दिवस भरलेत, आणि माझ्यासारखीसाठी तिला उघड्यावर ठेवलीत? सरसू, तू तरी येऊन माझी वेणी धरायचीस!"

"होईल की इथंच," सरसू म्हणाली. "तुझ्या मुलखात माळावर पोरं होत नाहीत का?"

"होतात. मी स्वतः माळावर झाले."

"मग तुला ठाऊक असेल काय करायचं ते. उभी काय राहिलीस? चूल पेटव."

धुरपानं चूल पेटवली. पाणी तापवलं. वाऱ्याकडची बाजू कुठली ते बघून खोपींची तोंडं फिरवायला लावली, दोन बाप्यांना कामाला जुंपलं, तिघांना हाकललं. आणि दुसऱ्या रात्रीनंतर, फटफटताना, सरसूच्या सुनेला मुलगी झाली.

दव पडत होतं. धुरपानं गाठोडं पुढ्यात ओढलं. गाठ इतकी जुनी झाली होती, की दातांनी सोडावी लागली. आतलं काळं घोंगडं तिनं झटकलं आणि मायलेकींवर पांघरलं. मेंढरांचा वास सुटला. पोरीला शिंक आली.

"मुलूख लागला तिला तुझा," सरसू म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या की रडल्या, ते बघणाऱ्यांना कळलं नाही.

तिसरी रात्र सरली. गाव परत निघालं. वेशीवर गावकारानं रीतीप्रमाणे विचारलं, "बाहेर कोणी राहिलं का?"

"नाही!" सगळे म्हणाले.

पण धुरपा अडून उभी. घोंगड्यातली पोर तिच्या कवेत होती. "ही वेशीबाहेर जन्मली. ही गावची की बाहेरची?"

"तूच सांग," गावकार म्हणाला.

"यात सांगायचं काय? आमच्या गावची!"

तिथल्या प्रत्येकानं ते ऐकलं. कोणी चिडवलं नाही. ढोलवाल्यानं तेवढी ढोलावर एक थाप मारली.

धुरपा पोरीला घेऊन वेशीच्या आत आली. तिला सरसूच्या हवाली करून तडक देवळात गेली. कमरेच्या पिशवीतला आपल्या देवाचा भंडारा चिमूटभर काढून तिनं गावच्या देवाला लावला. "आमच्याकडची रीत तुला ठाऊक नसेल. नसू दे. भंडारा घेतोस ना?" म्हणाली, आणि खूप वेळ डोकं टेकून राहिली. आभार मानायची तिला सवय नव्हती. त्या दिवशी मानले.

ते गाठोडं पुन्हा कधी बांधलं गेलं नाही. घोंगडं त्या पोरीकडेच राहिलं. धुरपाची जीभ मात्र तशीच राहिली, आमटीतल्या नारळावरून ती मरेपर्यंत भांडली. पण पुढे कोणी वाट चुकलेला, मुलूख सुटलेला माणूस त्या गावात आला, की सगळ्यांच्या आधी धुरपा जाऊन त्याच्यासाठी जागा झाडायची, चुलीचे तीन दगड मांडायची आणि म्हणायची, "गाठोडं टांगायचं तर टांग. घाई नाही. आम्ही थांबतो."

ऐकणाऱ्यांनो, ध्यानात ठेवा: जिथली माणसं आपल्यावाचून पुढं जात नाहीत तेच आपलं घर, आणि त्या घराचे उपकार दुसऱ्यासाठी जागा धरूनच फिटतात.