टाकीतला मोकळा दगड

"पण अण्णा, मर्यादा घालायची तर ती आकड्यात नको का? आकडाच नसेल तर मोडली कधी, ते कळणार कसं?"

डॉक्टर भरतेश शिरगुप्पेचा प्रश्न तसा बिनतोड होता. इचलकरंजीत त्याचा दातांचा दवाखाना होता आणि बोलणं चोख होतं. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय मात्र राहिली नव्हती. त्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड उघडं असे, पण त्याला बोलता येत नसे.

नेमाण्णा ओवरीच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

हातकणंगल्याच्या पुढे माळावर एक बुटकी टेकडी आहे. तिच्यावर जुनं जिनमंदिर आहे. तिकडची माणसं त्याला बस्ती म्हणतात. घरदार मुलांच्या हवाली करून नेमाण्णा या बस्तीत राहायला आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. माणसं येत, नियम मागत. कुणी तंबाखू सोडे, कुणी दागिन्यांना मर्यादा घालून घेई. भरतेशच्या वडिलांनीही याच ओवरीत रात्रीचं जेवण सोडलं होतं.

"कशाची मर्यादा म्हणालास?"

"कोरलची, अण्णा. प्रवाळांची."

मग त्याने सगळं सांगितलं. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भिंतभर टाकी आहे. तिच्यात जिवंत प्रवाळ आहेत. दगडाला चिकटून राहतात, दिवे लागले की फुलांसारखे उमलतात. नवं कोरल मागवलं की पार्सल हातात पडेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. ते पाण्यात ठेवलं की दोन दिवस जेवणाची शुद्ध राहत नाही. तिसऱ्या दिवशी नजर पुन्हा मोकळ्या जागेवर जाते. आता पुरे, असं बायकोला, पद्मजाला, त्याने शपथेवर सांगितलं होतं. त्यानंतर पार्सलं दवाखान्याच्या पत्त्यावर येऊ लागली. ती आधी भांडायची. आता टाकीपुढची खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवते आणि आत जाते.

हे सगळं तो दुसऱ्या कुणाचा आजार सांगावा तसं सांगत होता.

जीव कोंडून ठेवल्याबद्दल अण्णा बोलतील, असं धरून त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. ते आपल्या समुद्रातले नाहीत, सोडायला गेलो तर मरतील, तेव्हा आता सांभाळणं हाच धर्म. ते उत्तर त्याने न विचारताच देऊन टाकलं.

नेमाण्णांनी ते ऐकून घेतलं.

"बरं. कितीची मर्यादा घालतोस?"

भरतेशने मनाशी हिशेब केला. "आहेत त्याहून दोन जास्त."

"मर्यादा घालायला आलायस, की जागा राखायला?"

भरतेश हसला. अण्णा हसले नाहीत, तेव्हा त्याचंही हसू विरलं.

"तसं नाही, अण्णा. टाकीत मधोमध एक उंच दगड आहे. तिथं काही टिकतच नाही. चांगल्यातलं चांगलं आणून ठेवलं तरी आठवड्यात मिटतं. तेवढी एक जागा भरली, की मी थांबेन."

"तिथं आधी काय होतं?"

खाली माळावर कुणीतरी मेंढरं हाकत होतं.

मग त्याने सुकुमारचं नाव घेतलं. सुकुमार मगदूम, कॉलेजपासूनचा मित्र. हा नाद त्यानेच लावलेला. मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा सुकुमारने आपली टाकी मोडली आणि नखाएवढा एक तुकडा पाण्याच्या पिशवीत घालून भरतेशच्या हातात दिला. ती पिशवी मांडीवर धरून भरतेश घरी आला होता. त्याच हिवाळ्यात सुकुमार गेला. तुकडा त्या उंच दगडावर वाढत राहिला. हिरवट, मऊ, बोटांसारख्या फांद्यांचा. बघायला काही विशेष नव्हता. पण मोठा होऊन तळहातावर मावेनासा झाला होता.

मग गेल्या वर्षी पुण्याहून एक नारिंगी कोरल आलं. असा रंग त्याने कधी बघितला नव्हता. उजेड सगळ्यात चांगला त्या उंच दगडावरच पडायचा, म्हणून ते तिथंच ठेवलं, जुन्याच्या शेजारी. काही कोरल दिवे मालवल्यावर लांब धागे सोडतात आणि शेजाऱ्याला डंख करतात. चार-सहा दिवसांत सुकुमारचा तुकडा साबणासारखा विरघळला. पुढे ते नारिंगीही जगलं नाही.

"तुला माहीत नव्हतं?" अण्णांनी विचारलं.

"माहीत होतं." भरतेशचा आवाज खाली आला. "वीतभर अंतर सोडायचं असतं. पण तेवढं सोडलं असतं, तर सोफ्यावरून दोन्ही एका नजरेत दिसली नसती."

नेमाण्णा उठले. ऊन कलायला लागलं होतं आणि पाणी भरायचं राहिलं होतं.

विहीर बस्तीच्या मागे होती. अण्णांनी पाणी शेंदलं, दुहेरी फडक्यातून गाळून घागरीत घेतलं. मग ते फडकं उलटं करून, त्यावर गाळलेलं पाणी ओतून, तांब्यात खळबळलं. तांब्याला दोन दोऱ्या होत्या. एक गळ्याला, एक बुडाला.

"धर," ते म्हणाले. "हळू सोड. पाण्याला टेकल्याशिवाय उलटा करायचा नाही. वरून ओतलं तर जीव आपटतात."

फडक्यात अडकलेले पाण्यातले बारीक जीव असे परत विहिरीत सोडताना भरतेशने लहानपणी आजीला बघितलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. त्याने तांब्यात डोकावून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं.

"तुम्हाला यात काही दिसतं का, अण्णा?"

"नाही."

"मग ते नीट पोचतात, हे कशावरून?"

"कळत नाही."

तो दोरी सोडू लागला. विहीर खोल होती. तांब्या काठाला लागू नये म्हणून हात पुढे धरावा लागत होता.

खिशातला फोन वाजला.

पुण्याचाच असणार, त्याला ठाऊक होतं. नवा माल आज उतरायचा होता आणि त्यातलं एक त्याने सांगून ठेवलं होतं. फोन उचलला नाही, तर ते दुसऱ्या कुणाकडे जाणार. फोन थांबला. पुन्हा वाजला. त्याने अण्णांकडे पाहिलं. एक हात घटकाभर मोकळा करायचा, तर त्यांनी दोरी धरायला हवी होती.

नेमाण्णा विहिरीत बघत होते.

भरतेशच्या कपाळावर घाम आला. हाताला कळ लागली होती. बुडाची दोरी ओढून तांब्या मध्येच उलटा करता आला असता. कुणी काही म्हटलं नसतं. आत काही दिसतही नव्हतं.

फोन वाजत राहिला. तो दोरी सोडत राहिला.

तांब्या टेकला. दोरी सैल पडली. त्याने बुडाची दोरी हळूच ओढली. वर काहीही आवाज आला नाही.

मग बराच वेळ तो तसाच वाकून उभा राहिला. फोन केव्हा थांबला, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

पायरीपर्यंत आल्यावर त्याने नियमाचं पुन्हा विचारलं. अण्णांनी घागर खांद्यावर घेतली होती. ओझं असताना ते बोलत नसत.

तो नियमाविनाच टेकडी उतरला.

पुढे दिवाळी झाल्यावर तो परत आला. चेहरा उतरलेला होता आणि बोलण्यातला तोरा थोडा कमी झाला होता. एकही नवं कोरल आणलं नाही, असं त्याने सांगितलं. पार्सलांचं पद्मजाला स्वतःच सांगून टाकलं. ती रागावली, मग एका संध्याकाळी खुर्ची घेऊन टाकीपुढे येऊन बसली. आहेत ती कोरल बरी वाढताहेत. पुण्याहून फोन येणंही आता बंद झालंय.

"मग?" नेमाण्णांनी विचारलं.

"तो मधला दगड तसाच आहे, अण्णा. मोकळा. दवाखाना बंद करून घरी येतो, दिवे लागलेले असतात, सगळं उमललेलं असतं. आणि डोळा नेमका तिथंच जातो."

"काय दिसतं तिथं?"

"सुकुमारच दिसतो. पिशवी पुढे करून उभा असलेला."

नेमाण्णा ओलं फडकं पिळून दोरीवर वाळत घालत होते.

"बघवत नाही, अण्णा."

त्यांनी फडक्याची चुणी सरळ केली.

"बघत जा," ते म्हणाले.