गेनबा शिपाई आणि पंचायतीतले भुंगेरे

कवठेवाडीला गेनबा नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी ‘जरा थांब’ म्हटलं, की तोच माणूस परत येऊन ‘चल’ म्हणेपर्यंत गडी तिथंच उभा. ग्रामपंचायतीत कामाला होता, पण अजून कायम नव्हता. बायको गुणाबाई रोज भाकरीबरोबर तेच वाढायची, “औंदा कायम झाला नाहीत, तर मी चालले माहेरी. मग बसा चूल फुंकत.”

अशात आदर्श गावाची तपासणी जाहीर झाली. सरपंच भाऊसाहेबांनी पंचायतीला पांढराशुभ्र रंग लावून घेतला आणि गेनबाला बोलावलं.

“समिती खूश होऊन गेली, तर तुला कायम करतो. पण मी सांगेन तसंच करायचं. डोकं चालवायचं नाही.”

“नाही चालवणार,” गेनबा म्हणाला. हे त्याला काही अवघड नव्हतं.

दिवस थंडीचे. पांढऱ्या भिंतीवर ऊन पडलं आणि लाल पाठीवर काळे ठिपके असलेले भुंगेरे ऊन खायला जमले. पाच-दहा नव्हे, अख्खी भिंत लाल. तिथून खिडकीच्या फटीतून आत. खुर्चीत भुंगेरे, टेबलावर भुंगेरे, भाऊसाहेबांच्या चहात भुंगेरे.

“गेनबा! एक राहता कामा नये!”

गेनबानं चप्पल काढली. फाट! फाट! दुपारपर्यंत एक राहिला नाही. भिंतही राहिली नाही. सगळीकडे पिवळे डाग, आणि वास असा की ग्रामसेवक नाकाला रुमाल लावून घरी गेले ते तपासणीपर्यंत फिरकलेच नाहीत. एरवीही फिरकत नसत, पण या वेळी कारण तरी होतं.

भाऊसाहेब कडाडले, “अरे गाढवा, त्यांना चिरडतात होय? पिकावरचा मावा खातात ते, शेताच्या कामाचे असतात. हलक्या हातानं झाडूवर घ्यायचं, डब्यात भरायचं, झाकण लावायचं आणि मळ्यात सोडून यायचं. कळलं?”

“कळलं. आता ध्यानात राहील.”

दुसऱ्या दिवशी नवे भुंगेरे आले. गेनबानं सांगितलं तसं केलं. भाऊसाहेब म्हणाले, “हां, आता कसं!” गेनबाला असं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं. तो हरखूनच गेला.

संध्याकाळी कपाटामागून एक घूस निघाली. पोटुशी होती. गेनबानं तिला हलक्या हातानं झाडूवर घेतली, डब्यात भरली, झाकण लावलं आणि मळ्यात सोडून आला. मळा भाऊसाहेबांचा होता. भुईमूग काढणीला आला होता.

“अरे माझ्या कर्मा!” भाऊसाहेबांनी कपाळ बडवलं. “आत आलेलं धरत बसण्यापेक्षा येण्याची वाटच बंद करावी माणसानं! जिथून काही आत जातं, ते एकूण एक भोक सिमेंट लावून बुजव!”

“बुजवतो. आता ध्यानात राहील.”

गेनबानं खिडक्यांच्या चौकटींभोवतीच्या फटी बुजवल्या. मग तक्रारपेटीची फट बुजवली. भाऊसाहेबांनी ती बघितली, जरा विचार केला आणि म्हणाले, “ही राहू दे.” गेनबाला हुरूप आला. तो गावाच्या पाण्याच्या टाकीवर चढला. तिथं तर चांगला हातभर भोकाचा पाइप भसाभसा पाणी आत ओतत होता. गेनबानं पाणी बंद केलं आणि घमेलंभर सिमेंट लावलं.

सकाळी बायका रिकामे हंडे घेऊन पंचायतीवर आल्या. सगळ्यात पुढं गुणाबाई. त्यांनी भाऊसाहेबांच्या नावानं असा शिमगा केला की शेजारच्या गावची माणसं ऐकायला आली.

“अक्कल गहाण ठेवलीस काय रे?” भाऊसाहेब म्हणाले. “सगळंच अडवतात का? ज्याच्यानं गावाचं काही काम होतं, त्याला आत घ्यायचं. ज्याच्यानं काही होत नाही, त्याला बाहेर ठेवायचं. उद्या समिती येतेय. दारावर तू. एवढं एक नीट कर, उद्याच कायम करतो.”

“करतो. आता ध्यानात राहील.”

तपासणीच्या दिवशी गेनबा उजाडताच मळ्यात गेला. भुंगेरे मावा खातात, म्हणजे कामाचे. डबाभर गोळा करून आणले आणि आत सोडले. मग आशाताई आल्या. अख्ख्या गावाच्या लेकरांना डोस पाजणारी बाई. आत! कुंभाराचं गाढव आलं. गावाचा कचरा तेच वाहतं. आत! रखमाबाईची म्हैस आली. अंगणवाडीला दूध तिचंच. आत! गुणाबाईला मात्र त्यानं अडवलं.

“तू घरचं काम करतेस. गावाचं काय?”

“तुमच्यासारखा नवरा सांभाळते, हे गावाचंच काम आहे!”

गेनबाला पटलं. आत!

ग्रामसेवक आले. त्यांच्याकडे तो नुसता बघत राहिला. ते आपणहून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मग हलगी वाजत समिती आली. पुढं फेटा बांधलेले भाऊसाहेब. बघतात तर दार बंद, आतून कडी. खिडकीतून गेनबाचं तोंड.

“दार उघड!”

“उघडतो की. हे साहेब काय करतात?”

मोठे साहेब म्हणाले, “आम्ही पाहणी करून शेरा लिहितो.”

“त्यानं टाकीत पाणी येतं का?”

“येत नाही.”

“मग जरा थांबा. भाऊसाहेब, तुमच्यानं गावाचं काय काम होतं तेवढं सांगा, तुम्हाला लगेच घेतो.”

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. समिती पेन सरसावून उभी. हलगीवालाही थांबला. आत म्हैस हंबरली.

“घाई नाही,” गेनबा मायेनं म्हणाला. “आठवा सावकाश.”

“हरामखोरा! आजपासून तू कामावर नाहीस! चालता हो!”

गेनबाचा चेहरा पडला. कायम व्हायचं राहिलं ते राहिलंच. त्याला फार वाईट वाटलं. पण सांगितलेलं त्याच्या ध्यानात होतं. मागच्या खिडकीला गज नव्हते, गजांचं बिल तेवढं निघालं होतं. तिथून तो बाहेर उतरला, खिडकी नीट ओढून घेतली आणि भाऊसाहेबांच्या शेजारी रांगेत येऊन उभा राहिला.

“आता हे काय?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“साहेब, मला आत्ताच काढलं. आता माझ्यानंही गावाचं काही काम होत नाही,” गेनबा म्हणाला. “कामाचे तेवढे सगळे आत आहेत. आपण बाहेर.”