पापण्यांवरचा चुना

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात एका टेकडीखाली चुना भाजणाऱ्यांचं गाव होतं. राजवाड्याच्या भिंती त्यांच्याच चुन्यावर उभ्या होत्या, त्यामुळे गावाला स्वतःचा भारी अभिमान होता. आणि आपल्या रीतींचा किती, ते तर विचारूच नका.

त्यांची एक रीत अशी, की भट्टीवाला वारला की त्याच्या मिटलेल्या पापण्यांवर ओल्या चुन्याचा लेप द्यायचा. ज्या चुन्यानं आयुष्यभर पोसलं त्यानंच निरोप द्यावा, हा मान समजला जाई. लेपाशिवाय कुणाची तिरडी उठत नसे.

गावातल्या सगळ्यात मोठ्या भट्टीचा मालक म्हातारा झाला होता. त्याला एकुलता एक मुलगा होता. मुलगा कष्टाळू, मनानं चांगला. पण चार माणसांत उलट बोलायची वेळ आली, की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

एकदा कळीच्या चुन्यावर पाणी घालताना चुना उसळला आणि एका कामकरणीच्या दोन्ही डोळ्यांत गेला. ती तेव्हा पोटुशी होती. पुढे तिला मुलगी झाली, पण लेकीचं तोंड काही दिसलं नाही. पाणी भराभर ओत म्हणून म्हाताऱ्यानंच तिला दटावलं होतं. ते त्याच्या मनाला लागून राहिलं.

शेजारच्या गावी एक वैद्यीणबाई होत्या. म्हातारा त्यांच्याकडे गेला.

त्या म्हणाल्या, "बुबुळाच्या काठाशी जिवंत बियाणं असतं. डोळ्याचा वरचा पडदा त्यातूनच सारखा नवा होत असतो. तिचं बियाणं चुन्यानं जळून गेलं. पण माणूस गेला तरी त्याच्या डोळ्यांतलं बियाणं लगेच मरत नाही, थोडा वेळ तग धरतं. कुणी आपल्या मागे ते दिलं, तर मी ते वाढवून तिच्या डोळ्यांत लावीन. दिसेल तिला."

"मग माझं घ्या," म्हातारा म्हणाला.

घरी येऊन त्यानं मुलाला जवळ बसवलं. "मी गेलो की आधी वैद्यीणबाईंना बोलाव. त्यांचं काम होईतो माझ्या डोळ्यांना चुना लागू देऊ नको. नंतर काय करायचं ते करा. करशील ना एवढं?"

"करीन, बाबा," मुलगा म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

त्याच थंडीत म्हातारा गेला. मुलानं रडत रडत का होईना, पण आधी वैद्यीणबाईंकडे माणूस धाडला. बाई निघाल्याचा निरोपही आला. तिकडे कामकरीण लेकीला घेऊन वैद्यीणबाईंच्या ओसरीवर त्यांच्या परतण्याची वाट बघत बसली.

एवढ्यात भाऊबंद जमले. मुलाचा चुलता चुन्याची वाटी घेऊन पुढे आला.

"काका, जरा थांबा. बाई येतायत," मुलगा हळूच म्हणाला.

"बाईचं इथं काय काम?" चुलता कडाडला. "तुझ्या आज्याला लेप दिला, पणज्याला दिला. माझा भाऊ काय बेवारशी आहे? लोक तोंडात शेण घालतील. घे वाटी!"

सगळे मुलाकडे बघू लागले. बाबांनी काय सांगितलं होतं, ते एका वाक्यात सांगता आलं असतं. चुना डोळ्याचं काय करतो, हे तर त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण मुलानं मनाची समजूत घातली, की पापण्या मिटलेल्याच आहेत, वरून लावला तर काय होतंय? बाई आल्या की पुसून घेऊ. त्यानं वाटी घेतली आणि आपल्याच हातानं बापाच्या पापण्यांवर लेप दिला. भाऊबंदांचं समाधान झालं. मला तर या ठिकाणी त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं, पण गोष्ट सांगणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही.

थोड्याच वेळात वैद्यीणबाई धापा टाकत आल्या. लेप बघून त्या दारातच थबकल्या. मग पुढे होऊन त्यांनी पापण्या धुतल्या, अलगद उघडून पाहिल्या. चुना फटीतून आत उतरला होता. बुबुळांचा काठ पांढराफटक पडला होता.

"जळालं सगळं," त्या म्हणाल्या. "वाटेतच होते रे मी. थोडं थांबायला काय झालं होतं?"

अंत्ययात्रा मोठ्या थाटात निघाली आणि चुलता सगळ्यांना ते अभिमानानं सांगत राहिला.

अग्नी देऊन मुलगा तसाच ओल्या अंगानं वैद्यीणबाईंच्या ओसरीवर गेला. कामकरीण तिथेच बसली होती. लेक तिच्या मांडीवर झोपली होती. काम झालं नाही, एवढंच त्यानं सांगितलं.

ती म्हणाली, "मालकांचं मन बदललं असेल. असू द्या. मरताना कुणाला आपले डोळे देववतात?"

बापावर ढकलून गप्प बसणं सोपं होतं. पण ते मात्र त्याच्याच्यानं झालं नाही.

"बाबांनी दिले होते गं," तो रडत म्हणाला. "चुना मी लावला. काका रागावतील म्हणून."

तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "मालकांनी मला घाई केली, तेव्हा चुना उसळेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला तर ठाऊक होतं, धाकले मालक."

पुढे त्या मुलानं गावची रीत बदलली. कुणी वारलं, की तो दारात उभा राहायचा आणि वैद्यीणबाईंचं काम झाल्याशिवाय चुन्याची वाटी आत जाऊ द्यायचा नाही, मग समोर चुलता का असेना. त्या बियाण्यानं कितीतरी जणांना दिसू लागलं. पण लोकांची मनं वळायला फार काळ गेला, आणि तोवर ती कामकरीण तापानं वारली होती. आपली लेक कशी दिसते, हे तिला अखेरपर्यंत बोटांनीच चाचपून बघावं लागलं.

तात्पर्य : गेलेल्या माणसाचा मान राखायचा असेल तर आधी त्याची इच्छा पुरी करावी, कारण रीत उशिरानंही पाळता येते, पण त्यानं मागे ठेवलेलं दान कुणासाठी थांबत नाही.